खाडीचा चिखल काळा का? नववीच्या मुलांना कसं समजवायचं?

कळवा_शिकवणी

नमस्कार मंडळी. मी कळव्यात घरीच आठवी ते दहावीची शिकवणी घेते. स्टेट बोर्ड, मराठी आणि सेमी एकत्र. विज्ञान माझा विषय. भूगोलाला कोणी मिळत नाही म्हणून तोही माझ्याच गळ्यात पडलाय.

नववीच्या पोरांमध्ये सध्या एक भांडण पेटलंय. कळव्याच्या पुलावरून ठाण्याला जाताना ओहोटीच्या वेळी खाडीत जो चिखल उघडा पडतो, तो इतका काळाकुट्ट का? आणि सडक्या अंड्यांचा वास कशाचा? एका मुलाचं म्हणणं, गटाराचं आणि कंपन्यांचं पाणी, दुसरं काय असणार. एक मुलगी म्हणते, आपल्याकडचा दगडच काळा, तो झिजून आला की चिखल काळाच होणार. तिने भूगोलातला बाह्यप्रक्रियांचा धडा उघडून पुरावा म्हणून समोर धरला. आता वर्गात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडचे माझ्या तोंडाकडे बघतायत.

मला विचारायचंय ते असं : कोण बरोबर? आणि याच भांडणावर तीन-चार तासिका उभ्या करता येतील का? पुस्तकात खडक आणि ज्वालामुखी भूगोलात, परिसंस्थेतला ऊर्जाप्रवाह विज्ञानात, त्यामुळे मुलांना वाटतं पृथ्वी दोन आहेत आणि त्यांच्या परीक्षाही वेगवेगळ्या दिवशी असतात. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. हॉल आहे, पूर्वेकडची एक खिडकी आहे. बजेट विचारू नका.

ता. क. पारसिकचा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी का, हाही प्रश्न आलाय.


खारघरचा_बाबा

ताई, चिखल कशाला घेऊन बसताय? फ्लेमिंगोपासून सुरू करा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ला जाहीर झालं, २०२२ला रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलं. मुलांना गुलाबी पक्षी दाखवले की पुढचं सगळं आपोआप ऐकतात. माझ्या लेकीने शाळेत त्यावर चार्ट केला होता, पहिला नंबर आला. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे एक चक्कर मारा, काम झालं.


परीक्षानळी

मी शिक्षक नव्हे. एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. सर फळ्यावर लिहायचे, बाटल्या आम्ही धुवायचो. पण जन्म ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला, तेव्हा चिखलावर बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

खारघरचे साहेब, फ्लेमिंगो शेवटी. पक्षी आधी दाखवला की पोरं फोटो काढतात आणि विषय संपतो. तो पक्षी तिथे का उतरतो याचं उत्तर चिखलात आहे, तेव्हा सुरुवात चिखलापासूनच.

ताई, तुमच्या दोन्ही तटांकडे अर्धं अर्धं उत्तर आहे. आधी मुलीचं घेऊ. दगड काळा हे खरं, पण दगड झिजला की काळा राहत नाही. पावसाळ्यात पारसिकच्या उतारावरून जे पाणी खाली येतं त्याचा रंग बघा, किंवा जुलैत उल्हास नदी बघा. तपकिरी, तांबूस. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लोह भरपूर असतं, त्याला हवा-पाणी लागलं की ते गंजतं, म्हणून येऊरची माती लालसर. म्हणजे डोंगरावरून निघताना गाळ तपकिरी आणि खाडीत बसल्यावर काळा. मधे काहीतरी झालं. काय झालं, हाच तुमचा पहिला तास.

मुलाचं म्हणाल तर सांडपाणी खाडीत येतं, वासात आणि रंगात ते भर घालतं, यात वाद नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिथे ना कारखाना ना शहर, तिथल्या खारफुटीत पाय घातला तरी घोट्याच्या खाली चिखल काळाच लागतो आणि वासही तोच येतो. म्हणजे मूळ कारण गटार नाही.

कारण असं. चिखलाचे कण इतके बारीक की वरच्या पातळ थराखाली हवा शिरत नाही. पानं, मेलेले किडे, शेवाळ, सगळं आत गाडलं जातं आणि जिवाणू ते खातात. जो काही ऑक्सिजन असतो तो लगेच संपतो. मग पाळी येते अशा जिवाणूंची ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. ते श्वासासाठी सल्फेट, म्हणजे गंधकाचा क्षार, वापरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट चिक्कार, किलोमागे सुमारे २.७ ग्रॅम. त्यातून बाहेर पडतो हायड्रोजन सल्फाइड, तोच तुमचा सडक्या अंड्यांचा वास. हा वायू गाळातल्या लोहाला भेटला की आयर्न सल्फाइड तयार होतं, आणि ते काळं असतं. तर लोह सह्याद्रीचं, गंधक समुद्राचं, आणि या दोघांचं लग्न लावणारे भटजी म्हणजे जिवाणू. यातलं एकही माणूस वगळा, चिखल काळा होणार नाही. भूगोल आणि विज्ञान वेगळं करून दाखवा आता.

हे ऐकवू नका, दाखवा. ओहोटीला जेट्टीच्या कडेने उभं राहायचं, काडीने चिखल थोडा उकरायचा. वर बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहून पातळ तपकिरी थर, खाली काळा. आता खेकड्याच्या बिळाकडे बघा. बिळाच्या तोंडाभोवती, आतल्या भिंतीला, गंजाच्या रंगाची कड दिसते. खेकड्याने भोक पाडलं, भरती-ओहोटीबरोबर हवा आणि ताजं पाणी आत गेलं, तिथलं लोह पुन्हा गंजलं. तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या झाडाच्या, मुळांजवळही असंच होतं. तिवराची ती पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं असतात ना, त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात; ओहोटीला तिथून हवा आत घेतात आणि खालच्या मुळांपर्यंत पोचवतात. त्यातली थोडी चिखलात झिरपते. चिमूटभर काळा चिखल बशीत पसरून उन्हात ठेवा. हवा लागली की काळेपणा उतरत जातो आणि खालची तपकिरी-राखाडी माती दिसायला लागते. पोरांना विचारा, रंग कुठे गेला.

तिवराच्या पानावर बोट फिरवायला सांगा. मीठ लागतं. पानातल्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात, कोरड्या दिवशी भिंगातून खडे दिसतात. पोरं जीभ लावतात, आम्हीही लावायचो, पण आता खाडीचं पाणी तसं राहिलं नाही, तेव्हा नको.

आता तुमची खिडकी. दोन लिटरची कोल्ड्रिंकची पारदर्शक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून टाका. पाव किलो-अर्धा किलो चिखल एका बालदीत घ्या, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि एका अंड्याचा पिवळा बलक कालवा; कागद जिवाणूंना खायला, बलक गंधकासाठी. हे बाटलीत तळाशी भरा, त्यावर नुसता चिखल अर्ध्यापेक्षा वरपर्यंत, त्यावर खाडीचंच पाणी चार बोटं. मधे हवेचे बुडबुडे राहू देऊ नका, काडीने ढोसा. वर पातळ प्लास्टिक आणि रबर. खिडकीत उजेडाला ठेवा, पण दुपारच्या कडक उन्हात नको. याला विनोग्राड्स्की स्तंभ म्हणतात. सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात अशा जिवाणूंवर काम केलं.

पहिले काही दिवस काहीच होत नाही आणि पोरं कंटाळतात. मग तळ काळा पडतो. काही आठवड्यांनी काचेला (म्हणजे प्लास्टिकला) लागून रंग दिसायला लागतात : खाली हिरवे सल्फर जिवाणू, त्यावर जांभळे, आणि अगदी वर, जिथे हवा आहे, तिथे नीलहरित जिवाणू. प्रत्येकाला किती हायड्रोजन सल्फाइड सोसतो, किती उजेड लागतो, त्यावर त्याची जागा ठरते. कोणी कोणाला जागा नेमून दिलेली नाही. परिसंस्थेचा धडा बाटलीत उभा आहे.

आणि हाच पृथ्वीचा इतिहासही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. त्यातला जवळजवळ निम्मा काळ हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठायला लागला, आणि तो बनवला नीलहरित जिवाणूंनी, तुमच्या बाटलीत वरच्या थरात आहेत त्यांच्याच पूर्वजांनी. त्याआधी ज्यांची चलती होती ते ऑक्सिजन न सोसणारे जीव जिथे हवा पोचत नाही अशा जागी राहिले. खाडीचा काळा चिखल ही त्यातली एक जागा.

ऊन जसं खिडकीतून येतं तशी बाटली फिरवू नका. एकाच बाजूने उजेड पडला की रंगाचे पट्टेही त्याच बाजूला नीट दिसतात.

दगडाचं मी बोलत नाही, त्यातले जाणकार इथे आहेत.


दगडफोड्या

काकांनी बोलावलंच आहे तर. मी भूशास्त्रात एम.एस्सी., इमारतींच्या पायासाठी खडक तपासणं हे पोटापाण्याचं काम. ठाणे-नवी मुंबईत सध्या कामाची कमी नाही.

पारसिक ज्वालामुखी नव्हता. मुलांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर खड्डा. आपल्याकडे तसं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा निघून पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. असे थरावर थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि यातला मोठा भाग साधारण दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. आजही दख्खनचा हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि सह्याद्रीत थरांची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात. पारसिक म्हणजे त्या थरांमधून नद्या-नाल्यांनी आजूबाजूचं कोरून नेल्यावर उरलेला तुकडा. उंच बांधला गेला नाही, बाजूचं झिजलं म्हणून उंच दिसतो. तुमच्या मुलांचा गाळ त्या गेलेल्या भागातूनच आला.

थरांचा कल दाखवा. घाटावर माळशेजला थर जवळपास आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यापासून पश्चिमेकडे मात्र ते समुद्राकडे झुकतात, पनवेल फ्लेक्शर म्हणतात त्याला. भारत आणि सेशेल्स बेटं एकमेकांपासून तुटत होते त्या काळातल्या घडामोडींशी याचा संबंध लावतात.

प्रयोगशाळा नाही म्हणता, पण तुमच्या गल्लीत एक तरी इमारत पाडून नवी बांधत असतीलच. गेटबाहेर खडीचा ढीग असतो. वॉचमनला विचारून मूठभर खडी आणा, धुवा, भिंगाखाली धरा. काही तुकडे घट्ट काळे. काहींत गोल-लांबट भोकं, म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे थिजून राहिलेले. काही भोकांत पांढरं किंवा काचेसारखं काही भरलेलं असतं : नंतर खडकातून झिरपलेल्या गरम पाण्याने आणून बसवलेली झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ ही खनिजं. महाराष्ट्रातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि आपण ते स्लॅबमध्ये घालतो. ओळखायला सोपी युक्ती : लिंबाचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, सुईने ओरखडा उठत नसेल तर क्वार्ट्‌झ.

डायनोसॉरचा प्रश्न येणारच, तयार राहा. मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळला तो याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि आपले लाव्हा त्याच्या आधीपासून नंतरपर्यंत चालू होते. संहाराचा मुख्य घाव अशनीचा, असं बहुतेकांचं मत. आपल्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर अजून भांडणं चालतात. मुलांना उत्तर देऊन टाकू नका, भांडू द्या.

पण त्याहून मला आवडतं ते वरळीचं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बराच काळ जायचा. मधे तळी व्हायची, झाडं यायची. अशा एका गाळाच्या थरात वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७मध्ये त्यांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं, ज्यांनी पाच वर्षं आधी 'डायनोसॉर' हे नाव दिलं तेच. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. जमीन फाटून लाव्हा वाहतोय आणि मधल्या उसंतीत तळ्याकाठी बेडूक ओरडतायत.

एक सावधगिरी. वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेलेली मुलं म्हणतील, तिथे गरम पाणी येतं म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे. नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. खोलीबरोबर तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. तापून ते दुसऱ्या भेगेतून वर येतं.


कळवा_शिकवणी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. मुलांना वाचून दाखवलं. दोन्ही तटांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं.

आता अडचणी. एक, चिखल आणायचा कुठून? खारफुटीत शिरलं की वन खात्याचं काही होईल का? दोन, घरात बाटल्या ठेवल्या तर वास किती येईल, सासूबाई शाकाहारी आहेत, अंड्याचंही बोलू नका. तीन, ओहोटीची वेळ कशी बघायची, शिकवणी सकाळची असते. आणि एका मुलाने विचारलंय, चिखलात उड्या मारणारी ती निवटी, हा मासा की बेडूक? आणि मासे जमिनीवर आले ते असेच का?


परीक्षानळी

ताई, क्रमाने घेतो.

अभयारण्याच्या हद्दीतून आणि खारफुटीतून काही म्हणजे काही उचलायचं नाही. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असं म्हटलंय. शिवाय श्वासमुळांवर पाय पडले की झाड गुदमरतं. गावच्या जेट्टीवर जा, तिथल्या मंडळींना विचारा, होडी लागते त्या जागेचा डबाभर चिखल कोणीही देईल. मुलांना चिखलात उतरवू नका, तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात. जखम असेल त्याने लांबून बघायचं.

अंडं नको तर जिप्सम चालतं, नाहीतर काहीच घालू नका. खाडीच्या पाण्यात सल्फेट आहेच, वेळ जरा जास्त लागेल इतकंच. वर प्लास्टिक नीट बांधलं तर वास फारसा येत नाही, पण ते घट्ट सील करू नका, आत वायू होतो. आणि दगडफोड्यांनी लिंबाचं सांगितलंय ते खडीवर ठीक आहे. काळ्या चिखलावर लिंबू किंवा व्हिनेगर कोणी टाकू नये. त्यातून हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, तो विषारी आहे, बंद खोलीत तर मुळीच नको. पोरं हे करून बघणारच, म्हणून आधीच बजावून ठेवा.

ओहोटीसाठी आमच्याकडचं गणित : तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. तिच्या आधी सव्वासहा तास ओहोटी, म्हणजे पावणेनऊच्या सुमाराला. खाडीत आत पाणी पोचायला आणि उतरायला थोडा उशीर होतो, तेव्हा नऊ-साडेनऊ धरा. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. पाऊणचं कारण मुलांकडून काढून घ्या : चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो. रविवारी तृतीया ते पंचमी येईल असा दिवस कॅलेंडरमध्ये शोधा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार खाली जात नाही, चिखल थोडाच दिसतो. पंचांग घरात असतंच, सासूबाईंना विचारा, त्याही सामील होतील. निघण्याआधी मुंबईच्या भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक मात्र ताडून घ्या, हे गणित ढोबळ आहे.

निवटी मासाच. कल्ले आहेत, पण ओली कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर यातूनही तो हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून अंग सारखं ओलं ठेवतो, चिखलात लोळतो. पुढच्या परांवर रेटा देत चालतो, शेपटीने उडी मारतो. आमच्याकडे त्याचं कालवण करतात, आणि पकडायला गेलात तर तो तुमच्या आधी बिळात असतो. पण तुमच्या मुलाला सांगा, आपण निवटीपासून आलो नाही. जमिनीवर जे मासे आधी आले त्यांचं घराणं वेगळं, मांसल परांचं. टिक्टालिक नावाचा जीवाश्म २००४मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला मिळाला, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. निवटीने तोच प्रश्न फार नंतर आपल्या पद्धतीने सोडवला. उत्क्रांती ही शिडी नाही, एवढं या एका माशावरून कळतं.


खारघरचा_बाबा

बरं, चिखल आधी, मान्य. पण फ्लेमिंगोंना किती तासिका देणार?


परीक्षानळी

एक, पण शेवटची आणि भरपूर लांब. लहान फ्लेमिंगो चोच उलटी करून त्याच चिखलावरचे नीलहरित जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्यांतल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे तो गुलाबी, अंड्यातून निघतो तेव्हा राखाडी असतो. भरतीला चिखल बुडाला की थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळांवर येऊन उभे राहतात. तेव्हा मुलांना आधी तिथी विचारा आणि मग पक्षी कुठे असतील ते त्यांनाच सांगू द्या. तुमच्या मुलाने धरलेलं सांडपाणीही इथे परत येतं, ताई : त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला खत होतो, आणि पक्षी वाढले त्याचं एक कारण हेच असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मग सांडपाणी चांगलं की वाईट, यावर पुन्हा दोन तट पडतील. पडू द्या, पण त्यादिवशी दुसरा विषय घेऊ नका.


कळवा_शिकवणी

पंचांग बघितलं. तिसरा रविवार चतुर्थी आहे. बाटल्या गोळा करायला सांगितल्यात, एकाने पाच लिटरची आणलीय. पाच लिटरची चालेल का?


परीक्षानळी

चालेल, पण भरल्यावर हलवता येणार नाही. आधी खिडकीत ठेवा, मग भरा.